एमएसडब्ल्यू करून समुपदेशक होता येतं का?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात. बोलणं इकडून तिकडून सुरू होतं, पण प्रश्न एकच असतो. "ताई, मला समुपदेशन करायचंय. पुढे स्वतःचं सेंटर काढायचंय. सोशल वर्कवाल्यांना चालतं ना?"

चालतं. मी स्वतः आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, मग एका संस्थेत अशी बरीच वर्षं काम केलं आणि आता एका छोट्या खोलीत स्वतंत्रपणे समुपदेशन करते. पण "चालतं" एवढ्या एका शब्दावर कुणी पाटी रंगवायला टाकू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माणसं नीट ओळखून घेऊ. लोकांच्या तोंडी सगळेच "सायकॉलॉजिस्ट" असतात, पण ही चार वेगळी कामं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे साधारणपणे मानसशास्त्रात एमए करून पुढे दोन वर्षांचं एमफिल केलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. बुद्ध्यांकाच्या किंवा व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार हे त्याचं क्षेत्र. तिसरा सायकियाट्रिक सोशल वर्कर, आणि चौथा समुपदेशक.

तिसऱ्याजवळ जरा थांबू, कारण सोशल वर्कवाल्यांचा घोळ इथेच होतो. एमएसडब्ल्यूला "मेडिकल अँड सायकियाट्रिक" हे स्पेशलायझेशन घेतलं की आपण सायकियाट्रिक सोशल वर्कर झालो, असं अनेकांना मनापासून वाटतं. तसं व्हिजिटिंग कार्डही छापलं जातं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या नावाची व्याख्या केली आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं पूर्णवेळ दोन वर्षांचं एमफिल, तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. एवढं असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीला पात्र. नुसतं एमएसडब्ल्यू असेल तर नाही. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत हे एमफिल होतं, पण जागा मोजक्या असतात. त्यातच यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एमफिल ही पदवीच बंद करायचं ठरवलं. २०२४ च्या जानेवारीत क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली गेली. त्यामुळे या वाटेने जाणाऱ्याने प्रवेशाआधी संस्थेला सरळ विचारावं की आता तुम्ही कोणती पदवी देता आणि तिला कुणाची मान्यता आहे.

राहिला समुपदेशक. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, तसा "समुपदेशक" या शब्दाच्या दारात आपल्याकडे आजवर कुणी उभा नव्हता. मानसशास्त्रात एमए केलेले, समाजकार्यवाले, वर्षभराचा डिप्लोमा केलेले आणि शनिवार-रविवारचं शिबिर केलेले, सगळ्यांच्या पाटीवर एकच शब्द. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक, तसंच क्लिनिकल, मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नावं आहेत. म्हणजे आरोग्यसेवेतली माणसं म्हणून या मंडळींना कागदावर जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण म्हणून जबाबदारी कायद्यावर सोडता येत नाही. उद्या पाटी लावायला कुणी अडवलं नाही, तरी "मी समोरच्याच्या मनाला हात घालण्याइतकी तयार आहे का?" हे स्वतःला विचारावंच लागतं.

अमेरिकेत याची घडी बसलेली आहे. तिथे एमएसडब्ल्यूनंतर साधारण दोनेक वर्षं अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं, परीक्षा द्यायची, आणि मग राज्य सरकार क्लिनिकल सोशल वर्करचा परवाना देतं. तो हातात पडला की स्वतंत्र प्रॅक्टिस. तिथे मानसोपचार देणाऱ्यांत सोशल वर्कर फार मोठ्या संख्येने आहेत. लग्न होऊन तिकडे गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना इथल्या पदवीचं मूल्यमापन करून घेण्यापासून सगळं नव्याने करावं लागलं. दोघी म्हणतात, त्या देखरेखीच्या तासांनी आम्हाला घडवलं. आपल्याकडे ते तास कुणी सक्तीचे केलेले नाहीत. म्हणून ते आपले आपण भरायचे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

"सोशल वर्क म्हणजे वस्तीत जाऊन काम, समुपदेशन हे आपलं नाही," असं मानणाऱ्यांना इतिहास सांगावासा वाटतो. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, ती हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने मुलांसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक काढलं. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली मेडिकल सोशल वर्करची नेमणूक झाली. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला आणि मार खाऊन आलेल्या बाईशी बोलायला पोलिसांच्या आवारात सोशल वर्कर बसू लागली. त्याच वर्षीच्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. म्हणजे हे काम आपण नव्वद वर्षांपासून करतो आहोत.

जगातही तसंच. कौटुंबिक उपचारपद्धतीत मोठं नाव असलेल्या व्हर्जिनिया सटीर सोशल वर्कर होत्या. माणसाला त्याची गोष्ट वेगळ्या बाजूने सांगायला लावणारी नॅरेटिव्ह थेरपी डेव्हिड एप्स्टन यांच्यासोबत उभी करणारे ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट सोशल वर्कर. अडचणीपेक्षा उपायावर बोट ठेवणारी पद्धत स्टीव्ह डी शेझर यांच्याबरोबर घडवणाऱ्या इन्सू किम बर्ग याही सोशल वर्कर. मानसशास्त्राचा विद्यार्थी या पद्धती शिकतो तेव्हा त्या आपल्या घरातून आल्या आहेत, हे आपल्याच विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही.

आता केसवर्क म्हणजे काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुस्तकात त्याला "व्यक्ती सहाय्य कार्य" म्हणतात. मेरी रिचमंड यांनी शंभरेक वर्षांपूर्वी त्याची शिस्त घालून दिली. साध्या भाषेत सांगायचं तर माणूस त्याच्या परिस्थितीसकट बघायचा. झोप का येत नाही हे विचारताना तो झोपतो कुठे, खोलीत किती जण असतात, पाणी पहाटे किती वाजता येतं, हेही विचारायचं. पुढे फेलिक्स बिस्टेक यांनी सोशल वर्कर आणि त्याच्याकडे आलेला माणूस यांच्या नात्याची सात तत्त्वं मांडली. प्रत्येक माणूस वेगळा धरणं, स्वीकारणं, न्यायाधीश न होणं, त्याचा निर्णय त्याला घेऊ देणं, गुप्तता पाळणं, अशी ती तत्त्वं परीक्षेसाठी आपण घोकलेली असतात. समुपदेशनाच्या वर्गात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचे विचार शिकवतात तेव्हा याच गोष्टी वेगळ्या शब्दांत भेटतात.

पण घोकलेलं अंगी यायला प्रसंग लागतो. मला तो समाजसेवा विभागाच्या टेबलावर मिळाला. (इथले सगळे प्रसंग ओळख पटू नये इतके बदलून लिहिले आहेत.) धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या खाटेवर पेशंट बसवायचं काम सोशल वर्करचं. पिवळं रेशनकार्ड आहे का, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कुठाय, महात्मा फुले योजनेत आजार बसतो का, आरोग्यमित्राला भेटलात का. दिवसाला तीस-चाळीस नातेवाईक. एकदा बीडकडचे एक ऊसतोड कामगार आले. बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. मी फॉर्म भरला, कागद लावले, सही घेतली आणि सवयीने विचारलं, "अजून काही?" ते उठले नाहीत. टोपी हातात घेऊन तिची कड बोटाने सरळ करत बसले. मग म्हणाले, "ताई, ती जगंल का न्हाई ते डॉक्टर सांगतील. घरी पोरं इचारत्यात आई कवा येनार. त्यांना काय सांगू, तेवढं सांगा."

माझ्याकडे त्याला फॉर्म नव्हता. बाहेर रांग होती. मी खुर्ची थोडी पुढे घेतली आणि विचारलं, "मुलं केवढी आहेत?" वीसेक मिनिटं ते बोलले. मी फार काही केलं नाही. पण त्या दिवशी मला कळलं की कागदांच्या मागे जे उरतं, त्याच्याशी कसं बोलायचं हे आपल्याला शिकायला हवं.

एमएसडब्ल्यूचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यात आठवड्याचे साधारण दोन दिवस फील्डवर्क. वस्ती, शाळा, रुग्णालय, तुरुंग, पंचायत समिती असं कुठे कुठे पाठवतात. समाज, धोरण, कायदा, गटकार्य, संशोधन, सगळं थोडं थोडं. यातून नजर तयार होते, पण एका माणसासमोर आठवड्यामागून आठवडे बसायची तयारी होत नाही. घाबरलेल्या माणसाच्या विचारांची साखळी कशी उलगडायची, गप्प राहणाऱ्यासमोर आपण किती गप्प राहायचं, आत्महत्येचा विचार मनात आहे का हे कोणत्या शब्दांत विचारायचं, नैराश्य आणि थायरॉईडचा थकवा यात गल्लत होऊ शकते हे कधी ओळखायचं, हे वेगळं शिकावं लागतं. त्यासाठी एखाद्या पद्धतीचं नीट प्रशिक्षण घ्या. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी पद्धत) घ्या, नॅरेटिव्ह घ्या, कुटुंबोपचार घ्या. आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत तर कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत चांगली रुजलेली आहे. चार पद्धतींची प्रमाणपत्रं भिंतीवर लावण्यापेक्षा एकीत खोल उतरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकण्यापेक्षा अवघड गेलं ते एक सवय मोडणं. सोशल वर्करचा हात आपोआप फोनकडे जातो. समोरच्याने अडचण सांगितली की आपल्या डोक्यात योजना, कार्यालय, ओळखीचा वकील असं सगळं उघडायला लागतं. सुरुवातीला माझ्याकडे एक चौतिशीची बाई आली. सासरी नोकरी करू देत नाहीत, नवरा बोलत नाही. मी अर्ध्या तासात तिला कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर दिला, विधी सेवा प्राधिकरणाचं सांगितलं, बचतगटातल्या एका ताईंशी फोनवर गाठ घालून दिली. ती "खूप मदत झाली" म्हणून गेली आणि परत आली नाही. मी ज्यांच्याकडे सुपरव्हिजनला जात होते त्या बाईंना अभिमानाने ही केस सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "तिने तुझ्याकडे नंबर मागितला होता का?"

तिने नव्हता मागितला. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी ती हे सांगत होती आणि मी पुढचं पान उलटून मोकळी झाले होते. हे अजूनही मला लागतं. संस्थेत काम करताना "काय केलं?" असा रकाना असतो आणि तो भरावा लागतो. समुपदेशनाच्या खोलीत पुष्कळदा तो रिकामा ठेवायचा असतो, निदान पहिले काही आठवडे.

सुपरव्हिजन म्हणजे हेच. आपल्यापेक्षा अनुभवी समुपदेशकासमोर आपली केस, नाव-गाव न सांगता, मांडायची आणि आपण कुठे घाई केली, कुठे घाबरलो, कुठे आपलंच दुखणं मध्ये आलं ते बघून घ्यायचं. त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि मोजावेत. मी आजही महिन्यातून दोनदा जाते. शिवाय स्वतः एकदा तरी क्लायंटच्या खुर्चीत बसावं. पहिल्या भेटीत दार लोटून आत येताना पोटात कसा गोळा येतो, ते त्याशिवाय कळत नाही.

मग खासगी प्रॅक्टिस कधी? डिग्री हातात पडल्या पडल्या नको. आधी तीन-चार वर्षं तरी अशा ठिकाणी काढा जिथे तुमच्यावर कुणी आहे आणि शेजारच्या खोलीत विचारायला कुणी आहे. सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्र, व्यसनमुक्ती केंद्र, शाळा, महिला कक्ष, मनोरुग्णालय. आयसीटीसीत एचआयव्हीचा रिपोर्ट समोरच्याला सांगायचा असतो आणि पुढची दहा मिनिटं त्याला सावरायचं असतं. ते ज्याने वर्षभर केलं त्याला शब्द जपून वापरायची सवय लागते. हेही खरं की अनेक जण या नोकऱ्या आवड संपली म्हणून सोडत नाहीत. अकरा महिन्यांचा करार, रखडलेला पगार, प्रकल्प संपला की घरी. मीही एका संस्थेतून अशीच बाहेर पडले. निधी थांबला आणि माझ्याकडच्या सतरा बायकांना मी एका आठवड्यात "आता मी नसेन" असं सांगितलं. तिथे एक पथ्य मात्र कसोशीने पाळायचं. संस्थेतल्या क्लायंटला स्वतःच्या सेंटरचं कार्ड द्यायचं नाही. तो संस्थेकडे मोफत सेवेसाठी आलेला असतो. त्याला पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपवायचं.

कागदोपत्री भाग थोडा आहे. महाराष्ट्रात स्वयंरोजगारवाल्याला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, प्राप्तिकराचं विवरणपत्र, जागेचा भाडेकरार. चांगला सीए एका बैठकीत लावून देतो. खोलीबाबत मात्र चोखंदळ राहा. रंग आणि सोफा नंतर. बोललेलं बाहेर ऐकू येत नाही ना, आणि आत येणारा व बाहेर पडणारा एकमेकांना भेटत नाहीत ना, हे आधी. मी दोन सेशनमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते ती यासाठीच.

फीबद्दल सोशल वर्करला फार जड जातं. वर्षानुवर्षं आपण लोकांचे पैसे वाचवण्यासाठी भांडलेले असतो, आणि आता आपणच हात पुढे करायचा. पहिल्या फोनवरच आकडा सांगा. पहिली भेट संपताना रडून लाल झालेल्या डोळ्यांसमोर आकडा काढू नका. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या ठरावीक जागा कमी फीच्या ठेवा. माझ्या चार आहेत. त्या भरल्या की सरकारी मनोविकार ओपीडीचा दिवस आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक देते. डॉक्टरकडे पाठवल्याचे पैसे घेऊ नका, देऊ नका.

पहिल्या भेटीत संमतिपत्र असावं आणि ते मराठीत असावं. सेशन किती वेळाचं, फी किती, वेळ रद्द करायची तर कधी कळवायचं, नोंदी कुठे राहतात, हे त्यात लिहायचं. आणि गुप्ततेची मर्यादा. "इथलं काहीही बाहेर जाणार नाही," असं सरसकट वचन देऊ नका, ते खोटं ठरू शकतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. जिवाला धोका असेल तर घरच्या कुणाला तरी सांगावं लागतं. हे आधीच सांगितलं तर वेळ आल्यावर विश्वास तुटत नाही. मी म्हणते, "तीन गोष्टी सोडून बाकी सगळं इथेच राहील," आणि त्या तीन मोजून सांगते. जिवाला धोका, मुलावरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश.

छोट्या गावात आणखी एक अडचण येते. क्लायंट लग्नात भेटतो, भाजीच्या गाड्यावर भेटतो, कधी आपल्या नणंदेच्या शेजारी निघतो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाकायचं. "बाहेर भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही बोला, मग मीही बोलेन." हे ऐकून लोकांचे खांदे खाली येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निदान करू नका. चालू औषध बंद करायला किंवा कमी करायला सांगू नका, क्लायंटने गळ घातली तरीही. भास, टोकाचा संशय, आठवडाभर झोप नाही आणि तरी उत्साह उतू चाललेला, असं काही दिसलं की मानसोपचारतज्ज्ञाकडे. पाठवून मोकळं व्हायचं नाही. डॉक्टर औषध बघतील, आपण घर बघू.

घर बघायची ती नजर खासगी खोलीत आल्यावर गहाण टाकायची नाही, हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आणली होती. शाळेत जायचं म्हटलं की पोटात दुखतं, उलट्या होतात. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. एका ठिकाणी "परीक्षेची भीती" म्हणून श्वासाचे व्यायाम शिकवून झाले होते, ती ते मन लावून करत होती. तिसऱ्या भेटीत मी तिला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. वस्तीत काम करताना आम्ही लोकांकडून रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्यायचो, तसाच. तिने फाटक काढलं, वर्ग काढले, आंब्याचं झाड काढलं, मुलींचं स्वच्छतागृह काढलं आणि त्यावर पेन्सिलीने गिरवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याला कडी नाहीये."

पाळी सुरू झाल्याला चार महिने झाले होते. मैत्रीण दार धरून उभी राहायची, ती मैत्रीण शाळा सोडून गेली होती.

मी तिला विचारलं, हे आईला मी सांगू की तू सांगशील, की आपण दोघी मिळून? ती म्हणाली, दोघी मिळून. आई मुख्याध्यापिकांना भेटली आणि आठवड्याच्या आत कडी बसली. पोटदुखी लगेच गेली नाही, अजून पाच-सहा भेटी लागल्या, कारण चार महिन्यांची भीती अंगात मुरली होती आणि त्या श्वासाच्या व्यायामांचा तेव्हा खरा उपयोग झाला. शेवटून दुसऱ्या भेटीला ती दारातूनच भूगोलाच्या बाईंची नक्कल करत आत आली.